हर्षलच्या नावाचं हृदय

दिवाळी होऊन पंधरा दिवस झाले होते. अमडापुरात सकाळी आठच्या सुमाराला बायका कापूस वेचायला निघत. डोक्याला रुमाल, कमरेला कापूस भरायची ओटी, हातात भाकरीचं फडकं. शेषराव इंगळ्याच्या दारावरून जाताना त्यांच्यातली एखादी हटकून हाक मारायची, "सुचिते, येतं काय वं वावरात?" सुचिताने तोंड उघडायच्या आत तिची आई, आशाबाई, बाहेर येऊन सांगायची, "तिचं डोकं दुखून राह्यलं." काल पोट दुखत होतं, परवा पाय मुरगळला होता. वीस वर्षांच्या, वरून धडधाकट दिसणाऱ्या पोरीसाठी रोज नवं दुखणं शोधून काढणं हे काही सोपं काम नाही. आशाबाईने ते सहा वर्षं नेटाने केलं होतं. बायका हसत पुढे जायच्या. गावात सुचिताचं नाव 'लाडाची' असं पडलेलं होतं.

लाडाची पोरगी मग दिवसभर घरात एकटी असायची. आई, बाबा आणि भाऊ हर्षल वावरात. बाहेरच्या दाराला आतून कडी, कारण कोणी आलं आणि हिला धापा टाकताना पाहिलं तर चर्चा व्हायची. गच्चीवर जायचं तर ती चौथ्या पायरीवर बसायची, मग आठव्या. दुपारी अष्टाचंगाचा पट मांडून दोन्ही बाजूंनी स्वतःच कवड्या टाकायची. तिच्या बरोबरीच्या पोरी एकेक करून सासरी गेल्या होत्या. माहेरपणाला आल्या की त्या दारातूनच विचारपूस करत आणि निघून जात, कारण सुचिताबरोबर बोलायला काही उरलेलं नव्हतं. तिच्या आयुष्यात काही घडलेलंच नव्हतं.

जे घडलं होतं ते तिला कोणी सांगितलं नव्हतं. ती आठवीत असताना शाळेत मुलांच्या तपासणीला डॉक्टर आले होते. त्यांनी तिच्या छातीला नळी लावली ती बराच वेळ काढलीच नाही. नंतर शेषरावला बोलावून सांगितलं, की जन्मापासून हृदयात छिद्र आहे, ऑपरेशन करावं लागेल आणि सरकारी योजनेत ते फुकट होईल. म्हणजे पैशाची सबबसुद्धा त्या भल्या माणसाने ठेवली नाही. शेषरावने त्यांनी दिलेल्या कागदाची घडी करून खिशात घातली आणि घरी येऊन बायकोला एवढंच म्हणाला, "छातीवर चीर पडते म्हणते. चीर पडलेली पोरगी कोण करीन?" दोघांनी मिळून ठरवलं, की लग्न होईपर्यंत कळू द्यायचं नाही. लग्नानंतर तिच्या घरचे पाहतील. 'तिच्या घरचे' म्हणजे जे अजून कोण हेही ठाऊक नव्हतं ते. पोरीला सांगितलं, तुला दमा आहे. दहावीनंतर शाळाही बंद झाली, कारण पुढच्या शिक्षणाला एसटीने चिखलीला जावं लागलं असतं आणि एसटीमागे धावताना दमा लपला नसता.

शेषराव दुष्ट नव्हता, हे सांगितलं पाहिजे. दुष्ट माणसांची गोष्ट सांगायला सोपी असते. सुचिता वीस वर्षांची झाली त्या साली कपाशीवर गुलाबी बोंडअळी पडली होती. बीटी बियाण्याच्या कपाशीला अळी लागत नाही या भरवशावर राहिलेल्या गावाचे डोळे पांढरे झाले होते. शेषराव रोज कपाशीच्या ओळीओळींतून बसत जायचा, हिरवं टणक बोंड तोडायचा, दाताने फोडायचा आणि आतली अळी येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायचा. वरून दिसत नाही, फोडून पाहा, असं सगळ्यांना सांगायचा. वावरातलं दुखणं चारचौघांत उघडं करायला त्याला जरासुद्धा लाज वाटत नव्हती. पोरीचं दुखणं मात्र त्याने सहा वर्षं खिशात घडी करून ठेवलं.

दसऱ्याच्या सकाळी रांगोळी काढताना सुचिता तिथेच आडवी झाली. ओठ निळे पडले होते. आईबापांपेक्षा हर्षल जास्त घाबरला. बहिणीपेक्षा तो दोन वर्षांनी मोठा, अंगाने दणकट, मनाने भोळा. त्याच्याच हट्टाने तिला चिखलीच्या मोफत शिबिरात नेलं. तिथल्या डॉक्टरांनी तपासलं, चिठ्ठी लिहायला घेतली आणि मान वर न करता विचारलं, "नाव?"

रांगेत मागे शेजारच्या गावचे दोघे उभे होते. शेषराव पटकन बोलून गेला, "हर्षल शेषराव इंगळे."

हर्षल हे नाव मुलीचंही असू शकतं. डॉक्टरांनी ते लिहिलं आणि पुढच्या माणसाला बोलावलं. मुलाच्या हृदयाला छिद्र असलं तर त्याच्याबद्दल हळहळतात, त्याला दूध पाजतात, आणि यथावकाश त्याला बायकोही मिळते. शेषरावने तेवढा विचार एका क्षणात केला होता. पुढे औरंगाबादला छातीचा मोठा फोटो काढायचा होता, तो सीटी स्कॅन. तिथे खिडकीशी हर्षल आपलं कार्ड घेऊन उभा राहिला. खिडकीतल्या माणसाने त्याच्याकडे पाहून 'पुरुष' अशी खूण केली, आणि आत गेली स्कार्फ बांधलेली सुचिता. आतल्या माणसाला वाटलं, लिहिणाऱ्याची चूक असेल.

"तुह्यं नाव काऊन सांगितलं?" तिने परतीच्या गाडीत विचारलं.

"तुह्यं कार्ड घरी राह्यलं ना," हर्षल खिडकीबाहेर पाहत म्हणाला.

औरंगाबादेतच एका गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर, मलिहा नावाची मुलगी हृदयं बनवायची. पिंपळगाव राजाच्या रहेमतुल्ला पिंजाऱ्याची ही धाकटी लेक. बापाचं आयुष्य कापूस पिंजून गाद्या भरण्यात गेलं. लेकीच्या हातालाही तीच बारकाईची सवय होती. इस्पितळातून स्कॅनची फाईल यायची. संगणकाच्या पडद्यावर माणसाच्या छातीच्या शेकडो पातळ चकत्या दिसायच्या. मलिहा त्यांतून आधी कातडी काढून टाकायची, मग बरगड्या, मग फुप्फुसं. शेवटी पडद्यावर एकटं हृदय उरायचं. ते यंत्राला दिलं की यंत्र पांढऱ्या प्लास्टिकचे केसाएवढे थर एकावर एक चढवत दीड दिवसात तेच हृदय घडवायचं, त्याच मापाचं, त्याच वाकड्यातिकड्या वाहिन्यांचं. ती ते घासून साफ करायची आणि दोन भागांत उघडेल असं जोडायची. डॉक्टर छाती उघडण्याच्या आधी ते हातात घेऊन पाहायचे, की कुठून शिरायचं आणि ठिगळ कुठे लावायचं.

काम मोठं होतं, पण फार एकटीचं होतं. हृदय डब्यात घालून पाठवलं की संपलं. ते ज्याचं होतं तो माणूस पुढे जगला की गेला, हे तिला कोणी कळवत नसे. ती भाड्याच्या खोलीत राहायची, डबा खायची, आणि ओळख झालेल्या माणसांबद्दल तिला इतकंच ठाऊक असायचं, की त्यांचं हृदय आतून कसं आहे.

हर्षल शेषराव इंगळे, पुरुष, वय बावीस, अमडापूर. गावाचं नाव वाचून तिला बरं वाटलं, कारण तिची घरची एसटी त्याच गावावरून जायची. पडद्यावर पहिली चकती दिसली आणि तिचा हात थांबला. कातडीचा थर ती एरवी न पाहताच पुसून टाकायची. या वेळी तिने तो नीट पाहिला. छातीची ठेवण बाईची होती.

चूक असेल म्हणून तिने कागदावरचा नंबर लावला.

"हर्षल इंगळे बोलताय का?"

"हाव, मीच."

"तब्येत कशी आहे? चालताना दम लागतो का?"

"मले? नाही बा." मग पलीकडे कोणीतरी कुजबुजलं. "हाव हाव, लागते. लय लागते." मागून एका बाईचा घाईचा आवाज आला, "फोन ठेव ना बे," आणि फोन बंद झाला. पुन्हा लागला नाही.

मलिहा पुन्हा पडद्याकडे वळली. या घरात काय चाललंय ते तिला दुसऱ्या कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. तिने हृदय पूर्ण केलं. छिद्र नेहमीच्या जागी नव्हतं, वर कोपऱ्यात होतं, आणि फुप्फुसाकडून येणारी एक वाहिनी चुकीच्या कप्प्यात उघडत होती. मग ती स्वतः ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरांकडे गेली आणि सगळं सांगितलं.

डॉक्टरांनी हृदय उलटसुलट करून पाहिलं. "हे छाती उघडूनच करावं लागेल," ते म्हणाले. "फुप्फुसांवरचा दाब वाढत चाललाय. आणखी वाढला की ऑपरेशन करताच येणार नाही. आणि या अवस्थेत लग्न होऊन दिवस राहिले, तर..." त्यांनी वाक्य पुरं केलं नाही. "पण खोट्या नावावर मी कोणाच्या छातीला हात लावू शकत नाही. तुम्ही रविवारच्या सुट्टीला गावी जाता ना? माझी चिठ्ठी न्या, हे हृदय न्या. फक्त त्या मुलीला आणि तिच्या घरच्यांना दाखवा. दोन महिन्यांच्या आत मला ती मुलगी तिच्या नावासकट हवी."

शनिवारी दुपारी मलिहा अमडापूरच्या स्टँडवर उतरली. इंगळ्यांच्या ओसरीला नुकताच चुना दिला होता. दुसऱ्या दिवशी मेहकरकडचे पाहुणे सुचिताला पाहायला यायचे होते. आशाबाई पितळेची भांडी घासत होती, शेषराव खुर्च्या पुसत होता, आणि एक तरणा मुलगा पाठीवर मणभर कापसाचं गाठोडं घेऊन ओट्याच्या पायऱ्या चढत होता.

"हर्षल इंगळे कोण?"

"मीच," तो गाठोडं उतरवत म्हणाला. त्याला धापसुद्धा लागली नव्हती.

"मी दवाखान्यातून आले," मलिहा हळू म्हणाली. शेषरावने आधी गल्लीत दोन्ही बाजूंना पाहिलं, मग तिला आत घेऊन दार लोटलं.

तिने डबा उघडला. मुठीपेक्षा थोडं मोठं पांढरं हृदय दोन भागांत उघडून तिने खाटेवर ठेवलं आणि आपली करंगळी छिद्रातून पलीकडे काढून दाखवली. आशाबाईने पदर तोंडाला लावला. सहा वर्षं ती ज्याला 'ते' म्हणत आली होती, ते एवढं मोठं असेल असं तिला वाटलं नव्हतं.

"हर्षलचं आहे थे," शेषराव म्हणाला.

"काका, या हृदयाच्या माणसाला ते गाठोडं ओट्यावर चढवता आलं नसतं. आणि मी हे फोटोतून एकेक थर काढून बनवलंय. हे बाईमाणसाचं आहे."

हर्षल खाली पाहू लागला. शेषराव खाटेच्या कडेला बसला. त्याचा आवाज एकदम म्हाताऱ्याचा झाला. "उद्या पाहुणे येऊन राह्यले, बाई. एवढं होऊ द्या. चांगले लोक आहेत. लगीन झालं का मंग तिच्या घरचे करतीन इलाज. तेव्हा चीर पडली तं कोणी काही म्हणत नाही."

"माझ्या अम्मीनेही हेच म्हटलं होतं. निकाह होऊ दे, मग इलाज करू," मलिहा म्हणाली. "माझी मोठी बहीण राबिया. तिच्या हृदयाची झडप खराब होती. आम्ही सांगितलं नाही. लोणारला दिली. तिथे तिला जिना चढवेना, पाणी भरवेना, तर त्यांना वाटलं कामचुकार आहे. त्यांचा तरी काय दोष? त्यांना ठाऊकच नव्हतं. दिवस राहिले, सातव्या महिन्यात गेली. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, आधीपासून काही त्रास होता का? सासरचे म्हणाले, नव्हता. आम्ही पोचायच्या आधीच सगळं संपलं होतं, मावशी. सांगणारं तिथे कोणी नव्हतं."

आतल्या खोलीच्या दारात सुचिता केव्हाची उभी होती. ती पुढे आली. खाटेवरून तिने हृदयाचे दोन्ही भाग उचलले आणि बोट छिद्रात घातलं.

"हे माह्यं आहे काय?"

"हो," मलिहा म्हणाली. 

"मंग मले दमा नाही?"

आशाबाई रडू लागली. सुचिताला मात्र रडू आलं नाही. भीतीही वाटली नाही, ती नंतर वाटली. पहिल्यांदा वाटला तो राग, आणि रागाच्या खालून एक विचित्र सुटका. आपण आळशी नाही, सोंग करत नाही, हे सहा वर्षं लोकांचे टोमणे ऐकून ऐकून तिला स्वतःलाही खरं वाटेनासं झालं होतं. त्याचा पुरावा आज तिच्या हातात होता आणि तो एका अनोळखी बाईने बसून घडवला होता. घरच्यांनी तिच्याशी बोलायचं टाळलं, आणि या बाईने न पाहता तिला आतून ओळखलं. तिने डॉक्टरांची चिठ्ठी दोनदा वाचली, हृदय मलिहाला परत दिलं आणि म्हणाली, "ताई, हे डॉक्टरले लागीन. जपून न्या."

मलिहा निघाली तेव्हा आशाबाई कोपऱ्यापर्यंत सोडायला गेली. एवढंच विचारलं, "तुमची बहीण किती वर्षांची होती?"

"बावीस."

त्या संध्याकाळी घरात बोलणं झालं आणि बोलण्याचं भांडण झालं. शेषरावचं म्हणणं एकच होतं, की उद्याचा दिवस निभू दे. सुचिताने वाद घालणं सोडून दिलं, तेव्हा त्याला वाटलं, पोरगी समजूतदार आहे.

रविवारी अकराला पाहुणे आले. मुलाचे काका इंद्रभान, दोन बायका आणि मुलगा. पोहे झाले. सुचिता जरीकाठाची साडी नेसून डोक्यावर पदर घेऊन आली आणि पाटावर बसली. अशा वेळी पहिला प्रश्न ठरलेला असतो. समोरच्या माणसाला उत्तर ठाऊक असतं, तरी तो विचारतोच.

"नाव काय बेटा तुझं?" इंद्रभान म्हणाले.

आपल्याकडे मुलीला तिचं नाव इतक्या आदराने विचारण्याची ही एकच जागा आहे. शाळेत विचारतात ते हजेरीला, दवाखान्यात विचारतात तेव्हा बाप भावाचं सांगतो. पाटावर बसलेल्या मुलीने मात्र ते स्पष्ट, पूर्ण आणि खाली मान घालून सांगायचं असतं.

सुचिताने मान वर केली. "सुचिता शेषराव इंगळे. वय वीस. माझ्या हृदयाला जन्मापासून छिद्र आहे. दोन महिन्यांच्या आत ऑपरेशन करायचं आहे. छातीवर चीर राहील. हे तुम्हाला माहीत असावं म्हणून सांगितलं."

कपबशा तशाच राहिल्या. शेषराव हसायचा प्रयत्न करत म्हणाला, "मस्करी करून राह्यली."

"मस्करी नाही. कागद हर्षलच्या नावाचे आहेत. हृदय माझं आहे."

इंद्रभानने हर्षलकडे पाहिलं. हर्षल म्हणाला, "हाव. खरं आहे." सहा वर्षांत त्या पोराने बहिणीबद्दल घराबाहेरच्या माणसासमोर बोललेलं हे पहिलं खरं वाक्य होतं, आणि ते बोलताना त्याचे कान लाल झाले होते.

"आमच्यापासून लपवून देत होते काय, इंगळे?" इंद्रभान उठले. त्यांचा राग खोटा नव्हता. पण शेषरावने पहिल्याच दिवशी खरं सांगितलं असतं तर हे पाहुणे मेहकरहून निघालेच नसते, हेही तितकंच खरं आहे. खोटं बोलणाऱ्याला शिव्या देऊन ते गेले. खोटं ज्याच्या भीतीने बोललं गेलं, ती भीती त्यांच्यासारख्यांनीच घातलेली होती. ती गाडीत बसून त्यांच्याबरोबरच परत गेली.

त्यानंतर शेषराव लेकीशी बोलायचा बंद झाला. आठ दिवसांत बातमी गावभर झाली. वेचणीला जाणाऱ्या बायका आता दारावरून हाक मारत नसत. खालच्या आवाजात बोलत झपाझप जायच्या. सुचिता पूर्वी लपून एकटी होती, आता उघड्यावर एकटी झाली. रात्र पडली की तिला वाटायचं, आपण उगाच बोललो. सकाळी पायऱ्या चढताना चौथ्या पायरीवर बसावं लागलं की वाटायचं, बरं झालं बोललो.

इस्पितळात जायच्या ठरल्या दिवशी ती पिशवी भरायला लागली तर शेजारी दुसरी पिशवी भरलेली दिसली. "मी येऊन राह्यली संग," आशाबाई म्हणाली, आणि नवऱ्याकडे न पाहता चपला घालून ओट्याखाली उतरली. लग्नाला पंचवीस वर्षं झाली होती. नवऱ्याला न विचारता घराबाहेर पडायची ही तिची पहिलीच खेप.

इस्पितळात जुने कागद बदलायचे होते. हर्षलला लिहून द्यावं लागलं, की मी हा रुग्ण नाही. खिडकीतल्या बाई त्याच्यावर कडाडल्या, "तुमच्या नावाने तुमच्या गटाचं रक्त मागवलं असतं आणि आत हिला दिलं असतं म्हणजे? कळतं का काही?" त्याने निमूट ऐकून घेतलं. नवा कागद निघाला. संमतीच्या रेघेवर कोणी सही करायची असा प्रश्न आला तेव्हा डॉक्टर म्हणाले, "सज्ञान आहे, तीच करेल." सुचिताने सही केली. दहावीच्या परीक्षेनंतर तिने आपलं पूर्ण नाव कुठे लिहिलंच नव्हतं, त्यामुळे 'इंगळे'तला ळ थोडा वाकडा आला.

ऑपरेशनला सहा तास लागले. शेषराव आला नाही. अळी लागलेली कपाशी उपटायची आहे, असा त्याने निरोप पाठवला.

सातव्या दिवशी मलिहा यंत्रातून कोणाचं तरी हृदय काढत असताना फोन वाजला. "ताई, अमडापूरची सुचिता. छिद्र बुजलं. आज मी जिना चढली, मधात बसली नाही." मलिहाने हातातलं हृदय खाली ठेवलं. चार वर्षांत इतकी हृदयं तिच्या हातातून गेली, आणि एकाने तरी परत बोलावं यासाठी ती किती आसुसली होती ते तिला तेव्हा कळलं. फोन ठेवल्यावर ती राबियासाठी रडली.

पुढच्या वर्षीच्या वेचणीपर्यंत सुचितासाठी एकही स्थळ आलं नाही. शेषराव आता बोलत होता, पण कामापुरतं. सुचिता ओटी बांधून बायकांबरोबर वावरात जाऊ लागली. पहिल्या दिवशी ऊन चढलं तशी तिने ओढणी काढून कमरेला बांधली. गळ्याच्या खाचेखालून निघालेली गुलाबी चीर कुडत्यात उतरलेली सगळ्यांना दिसली. बायकांनी पाहिलं, एकमेकींकडे पाहिलं, आणि पुन्हा कापूस वेचू लागल्या.  दुपारी भाकरी खायला ती झाडाखाली एका बाजूला बसली.

त्यानंतर चार दिवसांनी रुक्मिणीबाई तिच्या दारात आली. लाडाची म्हणून हसणाऱ्या बायकांत हीच पुढे असायची. तिच्या पदराआड आठ वर्षांची नात होती, हडकुळी, मोठ्या डोळ्यांची.

"काम होतं," रुक्मिणीबाई आत येऊन म्हणाली आणि स्वतःच दार लोटलं. "हिलेही तसंच आहे. मास्तर म्हणत होते, दवाखान्यात दाखवा. तीन वर्षं झाली. तुह्या त्या डॉक्टरचा पत्ता दे. पण कोणाले सांगू नको."

"देईन. मी संग येईन," सुचिता म्हणाली.

"अन् कागदावर हिच्या भावाचं नाव टाकलं तं जमते ना? तुमच्या हर्षलचं टाकलं होतं तसं. पोरीची जात आहे बाई. पुढं तिचं लगीन करा लागते."

सुचिताने वही काढली होती, ती तिने मिटली. "नाही जमत, काकू."

"तुह्यं काय होऊन बसलं थे पाह्यलं ना तू? एक माणूस आला नाही तुह्या दारात."

"पाह्यलं."

रुक्मिणीबाई तिच्या छातीवरच्या चिरेकडे बघत राहिली. बाहेर कोणाची तरी बैलगाडी गेली. सुचिता खाली बसली, त्या मुलीच्या उंचीला आली, आणि वही पुन्हा उघडली.

"काय नाव वं तुह्यं?"

पोरीने आजीकडे पाहिलं. आजीने तिला अडवलं नाही. पोरीचे ओठ हलले. ऐकू काही आलं नाही.

"मोठ्यानं सांग. मले लिहायचं आहे."

"ईश्वरी," ती म्हणाली, मधे दम घ्यायला थांबली, आणि मग बापाच्या नावासकट, आडनावासकट सगळं सांगितलं.